कडी आतून होती

कपाटाची कडी आतून होती. एवढं एक खरं दाखवा, बाकी काय वाट्टेल ते करा, अशी अट घालून दवंड्याने आपलं आयुष्य सिनेमावाल्यांच्या हवाली केलं. अटीचा दुसरा भाग सिनेमावाल्यांनी तंतोतंत पाळला.

दवंड्या हे काही त्याचं जन्माचं नाव नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो मेकॅनिक होता आणि कामाला हात घालण्याआधी ते तोंडाने जाहीर करायची त्याची रीत होती. "मी आता झाकण उघडतोय." "मी आता मेन स्विच पाडतोय." जेवणाच्या सुट्टीतही तेच. "मी आता उठतोय," असं तो म्हणाला की बाकावरचं कोणीतरी म्हणायचंच, "ऊठ की बाबा, आम्ही काय शर्ट धरून ठेवलाय?" मग तो उठायचा. नव्या माणसाला वाटायचं, ह्याचाच एखादा स्क्रू ढिला आहे. जुन्यांना ठाऊक होतं की दवंड्याच्या जोडीला काम केलं तर स्विच कधी पडणार आणि चाक कधी फिरणार हे आधी कळतं, आणि संध्याकाळी सगळी बोटं घेऊन घरी जाता येतं. त्यामुळे ते त्याला नावंही ठेवायचे आणि ड्यूटी लावताना जोडीही त्याचीच मागायचे.

रीत घरची होती. लहानपणी अचानक आवाज झाला की तो दोन्ही कान धरून जमिनीवर पडायचा. मिक्सर लागला, पडला. दारावर थाप पडली, पडला. आईने समजावलं, रागावली, दोन फटकेही दिले. उपयोग शून्य. एक दिवस हातातलं काम करता करता ती सहज म्हणाली, "मिक्सर लावतेय रे, वाजेल हं मोठ्याने." पोराने आधीच कान झाकले आणि मिक्सर थांबेपर्यंत उभा राहिला. झालं. एवढाच शोध. त्यासाठी तिला कोणी शाल दिली नाही की नारळ, पण त्या दिवसापासून त्या घरात सगळं सांगून होऊ लागलं. दार उघडतेय. दिवा लावतेय. तुझ्या डोक्यावरून हात फिरवतेय. धाकट्या बहिणीला धपाटा घालायचा तरी आई आधी म्हणायची, "आता एक देणार आहे तुला." बहीण तेवढ्यात जिना उतरून पसार. ती आजही म्हणते, भावाच्या दुखण्याने माझं बालपण वाचवलं. त्या घरात न सांगता एकच गोष्ट झाली, ती म्हणजे वडील वारले.

ह्या सगळ्याला ऑटिझम म्हणतात हे पुष्कळ उशिरा कळलं. तो कामाला लागून बरीच वर्षं झाल्यावर बहिणीने त्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. घरी येऊन आईला शब्द सांगितला. आई म्हणाली, "असं होय. आणि आपण इतकी वर्षं नुसतं 'त्याचं तसंच असतं' म्हणत होतो." मग तिने शब्द दोनदा घोळवून पाहिला, तोंडात बसत नाही म्हणून सोडून दिला आणि 'त्याचं तसंच असतं' वरच कायम राहिली.

आता कपाट. स्वयंपाकघराशेजारच्या भिंतीत एक उभं कपाट होतं. आईने त्यातल्या गाद्या काढल्या, खाली रजई घडी करून टाकली, दाराला खालच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडून घेतली. जग फार झालं की पोरगा आत जाऊन बसायचा. पंचाईत बहिणीची होती. ती खस्सकन दार ओढून "भॉक!" करायची. म्हणून आईने सुताराला बोलावून सरकवायची लोखंडी कडी आतून बसवायला सांगितली.

सुतार म्हणाला, "ताई, कपाटाला आतून कडी? आत कोण राहणार आहे?"

"ज्याला लावायचीय तो."

नियम एकच. हवा तितका वेळ लाव, पण आईने 'ठीक आहेस का' विचारलं की आतून एकदा ठोकायचं. मग आई निवडायची भाजी घेऊन दारासमोर पाटावर बसायची आणि घरात काय चाललंय ते सांगत राहायची. "कुकरची शिटी होणार आहे. झाली. समोरची आलीय, साखर मागायला. गेली."

समोरची म्हणजे समोरच्या दारातली शेजारीण. साखर घेऊन जाताना तिला दिसलं ते एवढंच: कपाटाचं दार बंद, आत पोर, बाहेर आई राखण करत बसलेली. दोन आणि दोनचे तिने सात केले. "पोराला कपाटात कोंडते हो ती!" ही बातमी जिन्याने खाली उतरली, शाळेत गेली, वडिलांच्या कचेरीत पोचली. आईने एकदाच, सगळ्यांसमोर जिन्यात सांगितलं, "कडी आतून आहे. येऊन बघा." कोणी आलं नाही. बोलायला घरी बसून चालतं, बघायला दुसऱ्याचा उंबरा ओलांडावा लागतो. हळूहळू बहिणीच्या मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. नात्यातल्या बायका आई आली की आवाज खाली घ्यायच्या. आईने दुसऱ्यांदा कोणाला काही सांगितलं नाही. फक्त त्या कडीला अधूनमधून तेल घालत राहिली. दवंड्या चाळिशी ओलांडून गेला, गुडघे दुमडून अजून त्याच कपाटात बसायचा, आणि ती कडी लोण्यासारखी सरकायची.

सिनेमा आला तो एका हॉस्पिटलच्या लिफ्टमुळे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आतले दिवे गेले, आत माणसं गच्च. जोडीदार वर मशीनच्या खोलीत गेला आणि दवंड्या बंद दाराशी बसला. त्याने काय केलं, तर नेहमीचंच केलं. "आता वरून ब्रेक सुटेल. दचका बसेल. बसला. आता कर्रकन आवाज येईल, तो चाकाचा आहे, दोराचा नाही. सगळे ठीक असाल तर एकदा ठोका." आतून ठोकलं. लिफ्ट इंचाइंचाने खाली आली, माणसं बाहेर पडली, कोणाला काही झालेलं नव्हतं. त्या माणसांत एका सिनेमा-निर्मात्याची सासू होती. त्यानंतर सासूबाईंनी जावयाच्या घरी दुसरा विषयच काढला नाही. जेवताना दवंड्या, चहाला दवंड्या. शेवटी सासूबाई गप्प बसाव्यात म्हणून जावयाने सिनेमा काढला. सिनेमे ह्याहून वाईट कारणांनीही निघतात.

दिग्दर्शक घरी आला. तोंडावर "सर, सर" म्हणायचा आणि पाठ फिरली की "तो". पटकथा वाचून दाखवली. तीत लिफ्ट अडकताच दवंड्या डोळे मिटतो आणि त्याला हवेत आकडे दिसतात. आकडे फिरतात, चमकतात, जुळतात आणि लिफ्ट सुटते.

दवंड्या म्हणाला, "मी गणितात नापास झालो होतो."

"सर, प्रेक्षकाला काहीतरी द्यावं लागतं."

"मग मी नापास झालेलं द्या."

बहीण हसली. दिग्दर्शकाने पान उलटलं. असा माणूस सिनेमात दोनच कामांसाठी घेतात. एक तर भले भले थकले तो हिशेब सोडवायला, नाहीतर शेवटी कोणालातरी मिठी मारून थिएटर रडवायला. दवंड्याला दोन्ही जमत नव्हतं, म्हणून पटकथेत दोन्ही घातलं होतं. त्याने हरकत घेतली नाही. आकडे राहू देत, मिठी राहू दे. आईचं मात्र खरं दाखवा. आईने कोंडलं नव्हतं. कडी आतून होती.

"अहो, आईला तर आम्ही देवी दाखवणार आहोत," दिग्दर्शक म्हणाला. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. जिला देवी करतात तिला कोणी काही विचारत नाही.

पाठोपाठ नट आला, अभ्यासाला. काही दिवस तो दवंड्याच्या मागे मागे हिंडला, मान खाली घालून हिंडला, आणि त्याची चाल उचलली. टाचा न टेकवता, किंचित वाकडी, घाबरट चाल. उत्तम उचलली. अडचण एवढीच की कंपनीने त्याच आठवड्यात नवे सेफ्टी बूट दिले होते आणि ते दवंड्याला चावत होते. फोड बरे झाल्यावर तो पूर्वीसारखा चालू लागला, पण तोवर नट निघून गेला होता. अख्ख्या सिनेमात तो तसाच चालतो. पुढे त्या चालीला बक्षीसही मिळालं. बुटांना काही मिळालं नाही.

शूटिंग बघायला दोघा बहीणभावांना बोलावणं आलं. आईचे गुडघे दुखत होते. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी थिएटरात बघेन. समोरचीने आत्तापासून सांगून ठेवलंय, मलाही न्या म्हणून." हे म्हणताना ती खिडकीबाहेर बघत होती.

सेटवर त्यांचं घर उभं होतं. खऱ्यापेक्षा काळोखं आणि गरीब. मधोमध कपाट. कपाटाच्या दाराला बाहेरून कडी, मुठीएवढी, तुरुंगाला शोभेल अशी.

दवंड्या तिच्यासमोर उभा राहिला. "ही बाहेरून आहे."

दिग्दर्शक खांद्यावर हात ठेवणार होता, न सांगता हात लावायचा नाही हे आठवून त्याने तो मागे घेतला. "सर, आईची मजबुरी आहे. ती रडत रडत कडी लावते. हातांचा क्लोजअप सकाळीच घेतलाय, युनिटमधली माणसं डोळे पुसत होती."

"कडी आतून होती."

"मान्य. पण आतली कडी दिसणार कशी? कॅमेरा बाहेर आहे ना!"

दवंड्याने वळून पाहिलं. कॅमेरा खरंच बाहेर होता. बहिणीकडे मात्र उत्तरं होती आणि तिने ती द्यायला सुरुवात केली. "साहेब, तुम्ही आमच्या घरी चहा पिऊन 'हो हो' म्हणून गेलात, तेव्हा कॅमेरा कुठे होता? ती बाई चाळीस वर्षं लोकांची तोंडं बघतेय. आता तिकीट काढून स्वतःची बदनामी बघायची का तिने?"

"ताई, तुम्ही भावनेच्या भरात..."

"भर अजून यायचाय. थांबा जरा."

हे वाढत गेलं. इकडे दवंड्याने खिशातून पेचकस काढला. दुरुस्तीवाल्याच्या खिशात तो असतोच. "मी आता कडीचा पहिला स्क्रू काढतोय," तो मोठ्याने म्हणाला. सेटवर पन्नास माणसं होती. सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, खरा माणूस येणार आहे, तो स्वतःशी बोलतो, त्याला अडवू नका, त्रास होतो त्याला. कोणी अडवलं नाही. "मी आता दुसरा काढतोय." एक जण उलट समजूतदारपणे हसला. "मी आता कडी आतून बसवतोय." सेटवरच्या सुताराचा माणूस शेजारीच उभा होता. त्याने दार धरून मदत केली.

शॉट लागला. कपाट रिकामंच होतं, पोराचं रडणं नंतर घालणार होते. आईचं काम करणारी बाई डोळ्यांत पाणी घेऊन पुढे आली, दार लावलं, हात कडीकडे नेला. कडी नव्हती. चार भोकं होती. तिने हात फिरवून पाहिला, वर, खाली, जसा अंधारात बटण शोधताना फिरवतात. मग दिग्दर्शकाकडे वळली. "कडी कुठाय?"

"कोणी केलं हे?" दिग्दर्शक ओरडला.

"मी," दवंड्या म्हणाला. "सांगून केलं."

"कोणाला सांगून?"

"सगळ्यांना."

"काहीतरीच! कोणी ऐकलं?"

साउंडवाल्याने कानावरचा हेडफोन बाजूला केला. "माझ्याकडे आहे साहेब. एकेक स्क्रू. स्वच्छ आलंय."

मग सगळेच एकदम बोलू लागले. दिग्दर्शक सुतारावर, सुतार मदतनिसांवर, बहीण सगळ्यांवर. कोणीतरी मोठा दिवा धाडकन लावला. कोणी सांगून लावला नाही. दवंड्याचे हात कानांवर गेले. "मी आता कपाटात जातोय," तो म्हणाला, आत गेला, आणि कडी लावली.

शूटिंग थांबलं. कपाट आतून बंद आणि कडी काढणारा कडीच्या आत. दिग्दर्शकाने दार वाजवलं, विनवलं, धमकावलं. कडी हलली नाही.

"काढा की बाहेरून," बहीण म्हणाली. "बाहेरून कडी आहे म्हणत होतात ना?"

आईचं काम करणारी बाई जुनी, मुरलेली. सकाळपासून खोटं रडून तिचे डोळे चुरचुरत होते. ती बहिणीजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमची आई काय करायची अशा वेळी?"

"समोर बसायची. काय चाललंय ते सांगायची."

बाईने पाट ओढला, दारासमोर बसली. "मोठा दिवा बंद करतायत," ती दाराला म्हणाली. "केला. दिग्दर्शक बाहेर गेलेत, तावातावाने. चहा येतोय, कपांचा आवाज होईल. झाला." बराच वेळ ती असं सांगत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहात का?"

आतून एकदा ठोकलं.

कॅमेरावाल्याला थांब म्हणायला दिग्दर्शक जागेवर नव्हता. कॅमेरा चालूच राहिला.

असं सगळं सिनेमात आलं. म्हणजे खरं आणि खोटं दोन्ही आलं, एकाला एक चिकटून. क्लोजअपमध्ये आई रडत बाहेरून कडी लावते. लगेच पुढच्या दृश्यात ती त्याच दारासमोर पाटावर बसून बोलते, दारावर कडी नसते, चार भोकं असतात. एका समीक्षकाने लिहिलं की ही नाहीशी होणारी कडी म्हणजे मानवी मनाचं गूढ प्रतीक आहे. दिग्दर्शक मुलाखतींतून म्हणू लागला की ते त्याला सुरुवातीपासूनच सुचलं होतं.

थिएटरात एका रांगेत दवंड्या, आई, बहीण आणि समोरची बसले. दवंड्याने कानांत बोळे घातले होते. पडद्यावर कडी लागली. समोरची अंधारात आईच्या कानाशी वाकली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं कुजबुजली, "बघ! बाहेरूनच की गं!"

 आईने पदर हातात घट्ट धरला होता. बहीण उठायला निघाली, आईने तिला बसवलं.

मग ते दुसरं दृश्य आलं. बाई पाटावर बसून दाराला सांगू लागली, चहा येतोय, कपांचा आवाज होईल. समोरचीची मान पुढे झाली. "आणि कडी कुठे गेली?" ती म्हणाली. "आत्ता तर होती." जरा वेळाने, "अगं, कडी कुठे गेली? कोंडलंय तर मग ही बसलीय कशाला?" पुढे आकडे चमकले, मिठी झाली, थिएटर रडलं. समोरची रडली नाही. तिचं लक्ष उडालं होतं. बाहेर पडतानाही तेच. "नेमकी कडी होती कुठे गं?"

"घरी चल," आई म्हणाली. "दाखवते."

"आता कशाला बाई. पाय दुखतात."

"इतकी वर्षं दुखले नाहीत बोलताना? चल."

थिएटरातून निघाल्यापासून दवंड्याने कानांतले बोळे काढले नव्हते. तो सगळ्यांच्या मागून जिना चढला, चपला काढल्या, "मी आता कपाटात जातोय," म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे वळला.

"थांब," आई म्हणाली. "नंबर लागलाय."

कपाटाचं दार बंद होतं. बाहेर समोरचीच्या चपला. आतून आवाज आला, "अगं, आतूनच आहे की कडी!"

"हो," आई म्हणाली.

"सरकते पण किती छान."

"तेल घालते मी."

मग आतून काहीच ऐकू येईना. बहीण म्हणाली, "काकू, बघून झालं असेल तर या बाहेर. दादाला जायचंय." दाराआडून नुसता श्वासाचा आवाज. घरी दोन सुना, चार नातवंडं आणि दिवसभर चालणारा टीव्ही असलेली ती बाई, तिला बऱ्याच वर्षांत अशी जागा मिळाली नसावी. आईने गुडघे धरत पाट ओढला आणि दारासमोर बसली.

"गॅस पेटवायला सांगतेय," ती म्हणाली. "पेटला. चहा ठेवलाय. तुझा मोठा नातू जिन्यात हाका मारतोय तुला. मी नाही सांगितलं त्याला." मग जरा थांबून, "ठीक आहेस का गं?"

आतून एकदा ठोकलं.

आईने पदराने तोंड पुसलं आणि हसू लपवायला भांड्यांकडे बघितलं. दवंड्या कान झाकून भिंतीला टेकून खाली बसला.

"मी आता वाट बघतोय," तो म्हणाला. आणि वाट बघत बसला.